दोन दिवसांची लाट

१२ जुलै

वर काय लिहावं यावरच माझा अर्धा तास गेला. 'चि. सौ.' लिहायची सोय उरली नाही, आणि ऑफिसच्या मेलमध्ये आपण एकमेकींना 'मॅडम' म्हणतो ते हाताने लिहायला गेले तर मलाच हसू येतं. तेव्हा ती जागा कोरी सोडली आहे. तुला हवं ते भर.

पत्र कामाचं आहे. तू जाताना म्हणाली होतीस, 'लिहायचंच झालं तर कामाचं लिहा, आई.' दोन वर्षं मी ती अट पाळली आहे आणि आजही पाळणार आहे.

तुझ्याकडे वादळ येऊन गेल्याचं बातम्यांत ऐकलं. त्यानंतर तुझ्या केंद्राची रोजची वाऱ्याच्या नोंदींची फाइल यायची थांबली. केंद्रं आपली एकाच अक्षांशावर खरी, पण मध्ये अर्धं जग, तेव्हा उठून बघायला येणं काही शक्य नाही. मुख्यालयाने कळवलं की वीज गेली होती, उपग्रहाकडून वेळ घेणारा अँटेना पडला, आणि आता रडार पुन्हा चालू आहे. कालपासून फाइल यायला लागली. म्हणून हे पार्सल. आत केबलची टोकं आहेत, फ्यूज आहेत, अँटेनाच्या पायाचे बोल्ट आहेत. पत्र त्याच खोक्यात घालते आहे. मेल करत नाही, कारण केंद्राची मेलपेटी सगळ्यांची मिळून एक, आणि मुख्यालयातला तो चष्मेवाला पोरगा, आपला 'चष्मा', ती रोज सकाळी उघडून वाचतो. तुझ्या घरच्या पत्त्यावर पाठवलेलं तू उघडत नाहीस. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

एक सांगते, हेही कामातच धर. सप्टेंबरअखेर मी निवृत्त होते आहे. वय झालं, गुडघे बोलायला लागले, आणि खरं सांगायचं तर थकले आहे. खुर्चीचं मला काही वाटत नाही. पण इथे रोज सकाळी मी किटलीखाली गॅस लावते, मशीन उघडते, आणि तुझी फाइल आलेली असते. ती आपोआप येत नाही, तू तपासून पाठवल्याशिवाय सुटत नाही. म्हणजे फाइल आली की तू उठलीस, केंद्रावर आलीस, कामाला बसलीस, आणि ज्याअर्थी तू कामाला बसलीस त्याअर्थी भिंगरीही शाळेत गेली असणार. दोन वर्षं मला तुमची एवढीच खबर आहे. सप्टेंबरनंतर ती फाइल दुसऱ्या कुणाच्या मशीनवर येईल.

चिरंजीवांबद्दल मी एक अक्षर लिहिणार नाही. बरे आहेत. हे मोजू नकोस.

खालचा मजकूर भिंगरीसाठी आहे. विज्ञानच आहे, अट मोडत नाही. वाचून दाखवशील तर बरं.

भिंगरे, ढगांच्या वर विमानं असतात, विमानांच्याही खूप खूप वर हवा असते, अगदी विरळ. तिथे दिवसाढवळ्यासुद्धा उल्का जळत असतात. आपल्याला दिसत नाहीत, पण आजीच्या रडारला त्यांच्या मागे राहिलेली रेघ दिसते. रेघ वाऱ्याबरोबर सरकते, म्हणून तिथला वारा कळतो. या महिन्यांत तिथे एक मोठी लाट येते, अख्ख्या पृथ्वीला वेढा घालणारी. आज वारा उत्तरेकडे, उद्या दक्षिणेकडे, परवा पुन्हा उत्तरेकडे. म्हणून तिचं नाव दोन दिवसांची लाट. तिला पृथ्वीभोवती तीन उंचवटे असतात. आता आईकडून एक मोसंबं मागून घे आणि त्याच्या पोटावर पेनाने तीन ठिपके काढ, सारख्या अंतरावर. एका ठिपक्याच्या बरोबर पाठीमागे दुसरा ठिपका येतो का बघ. येत नाही ना? म्हणून आजीकडे उंचवटा असला की आईकडे खोलगा असतो. चार ठिपके काढलेस तर मात्र पाठीमागे ठिपका येतो. मोसंबं नंतर खाऊन टाक, शाई पोटात जाऊ देऊ नकोस.


२० जुलै

पार्सल पोचल्याची पावती आली. सही पहारेकऱ्याची आहे. तू स्वतः सही केल्याशिवाय साधा बल्ब आत घेत नाहीस, म्हणून जरा नवल वाटलं.

पण पत्राचं कारण वेगळं आहे. आपलं दोघींचं पटायला लागलं आहे.

हसू नकोस, आकडे बघ. तू तिकडे गेल्यापासून दोन हंगाम झाले. माझा वारा उत्तरेला तेव्हा तुझा दक्षिणेला, माझा दक्षिणेला तेव्हा तुझा उत्तरेला. मी या आलेखाला मनातल्या मनात सासू-सुनेचा आलेख म्हणते. यंदाही वादळाच्या आदल्या दिवसापर्यंत तसंच चाललं होतं. वादळानंतर तुझी फाइल सुरू झाली आणि आपण दोघी एकाच वेळी उत्तरेला, एकाच वेळी दक्षिणेला. आधी बरं वाटलं. मग मागच्या दोन्ही हंगामांचे आलेख काढून बसले, कारण लाट अशी दोन-चार दिवसांत पलटी खात नाही.

चष्म्याला मात्र आकाश ठेंगणं झालं आहे. त्याने काल फोन केला. म्हणाला, तीन उंचवट्यांची लाट चार उंचवट्यांची झाली, वादळाचा धक्का थेट वरपर्यंत गेला, असं कुणी पाहिलेलं नाही. ऑगस्टच्या अखेरीला सभा आहे, तिथे तो हे मांडणार, तुझं आणि माझं नाव घालून. मी त्याला म्हटलं, जरा दम धर. तो म्हणाला, 'मॅडम, तुम्ही नेहमीच दम धरायला सांगता.' ते खरं आहे. त्याच्या परीक्षेलाही परीक्षक मीच होते, तेव्हाही हेच सांगितलं होतं.

आता तुला सांगायची गरज नाही, पण कागदावर उतरवल्याशिवाय माझं डोकं हल्ली चालत नाही. लाट उलटी दिसायची दोन साधी कारणं. एक, वादळानंतर दुरुस्ती करताना अँटेनाच्या दोन केबली एकमेकींच्या जागी लागल्या असतील, मग उत्तर दक्षिण होते आणि दक्षिण उत्तर. दुसरं, तारीख एका दिवसाने चुकली असेल. दोन दिवसांच्या लाटेत एक दिवस इकडेतिकडे झाला की तेही उलटंच दिसतं. लाटेकडे नुसतं बघून या दोहोंतलं कुठलं ते कळत नाही.

मला वाटतं केबलच असणार. तारखेत चुकणारी तू नव्हेस. माझ्याकडे शिकायला आलीस त्या पहिल्या आठवड्यात मीच तारीख चुकीची घातली होती आणि तूच ती दाखवलीस, तीही सगळ्यांसमोर. त्याच दिवशी मी घरी जाऊन म्हणाले होते की ही पोरगी कामाची आहे. घरात ते कुणी ऐकलं आणि पुढे काय झालं ते जाऊ दे, ते कामात येत नाही.

तेवढ्या केबली तपास आणि फाइली दुरुस्त करून पाठव. एकीने दुसरीच्या आकड्यांना हात लावायचा नाही हा आपला नियम. चष्म्याने सभेत मांडायच्या आत तू स्वतः दुरुस्त केलंस तर ती रोजची दुरुस्ती. नंतर दुसऱ्या कुणी काढलं तर तुझ्या माथी बसेल. डिसेंबरात तुझं कंत्राट नव्याने व्हायचं आहे हे मी विसरलेले नाही.


२१ जुलै

कालचं पत्र पोस्टात पडलं आहे, पण ते चूक आहे. केबल नाही.

आज सकाळी रोजची भरती तपासली. हे मला कालच सुचायला हवं होतं. सूर्य हवा तापवतो म्हणून वरचा वारा रोज ठरल्या वेळी एका बाजूला झुकतो, समुद्राच्या भरतीसारखा. केबली उलट्या लागल्या असत्या तर ही भरतीही उलटी झाली असती. तुझी भरती सरळ आहे. तास बरोबर, मिनिटं बरोबर. म्हणजे केबली जिथल्या तिथे आहेत आणि घड्याळही बरोबर आहे. फक्त तारीख एक दिवस मागे आहे. फाइली एक दिवस जुन्या येत होत्या, आणि मुख्यालयातले सगळे धरून चालले की वादळाने लाइन मंदावली आहे. मीही त्यांतलीच.

वेळेचा अँटेना पडला होता, तेव्हा घड्याळ तू हाताने लावलंस. वेळ मनगटावरच्या घड्याळात बघितलीस. ते मीच दिलेलं आहे, त्याला तारखेची खिडकी नाही. तारीख तू डोक्यातून लिहिलीस. तुझ्या डोक्यात वेगळाच वार होता.

अगं, माणसाचा अख्खा दिवस कधी हरवतो हे मला माहीत आहे. यांच्या शेवटच्या आजारात मी इस्पितळाच्या बाकावर बसून होते. दिवा सतत चालू, खिडकी नाही, कुणी आणून दिला तो चहा. मग केव्हातरी बाहेर आले आणि पेपरवाल्याशी भांडले, उद्याचा पेपर आज कसा विकतोस म्हणून. तो माझ्याकडे बघत राहिला आणि हळूच म्हणाला, 'बाई, आज गुरुवारच आहे.' मी तिथेच फुटपाथवर बसले.

नुसत्या वादळात दिवस हरवत नाही. वादळात माणूस उलट तास मोजतं. दिवस हरवतो तो कुणाच्या तरी उशाशी बसल्यावर.

तू स्वतः आजारी असतीस तर घड्याळ लावायला आली नसतीस. तुझ्या घरात तुझ्याशिवाय एकच माणूस आहे.

ती बरी आहे का? एवढंच कळव. एक शब्द लिही. पहारेकऱ्याकडून लिहून घे. माझ्यावर राग असेल तो असू दे, तो राहू दे तिथेच, पण हे कळव. मी सुतावरून स्वर्ग गाठत असेन तर तसंही कळव, मी आनंदाने वेडी ठरायला तयार आहे.

आज भिंगरीसाठी काही लिहीत नाही. सुचत नाही.


१ ऑगस्ट

तुझी फाइल रोज येते आहे. तारीख अजून मागेच. म्हणजे एकतर माझी पत्रं पोचली नाहीत, किंवा पोचली आणि तू उघडली नाहीस. पाकिटावर माझं अक्षर आणि मागे आमच्या घरचा पत्ता. मीही तुझ्या जागी असते तर उघडलं नसतं.

म्हणून हे पाकीट केंद्राच्या शिक्क्याचं वापरते आहे, आणि एक गोष्ट आधी स्पष्ट लिहिते. या पत्रांमागे चिरंजीव नाहीत. त्याला या पत्रांचा पत्ताही नाही. किंवा नव्हता, परवापर्यंत.

फोनचं मला समजतं. मी लावायचे, भिंगरीचं 'आजी' कानावर पडायचं, आणि तेवढ्यात मागून हात यायचा. मग मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहायचे आणि भिंतीपलीकडून त्याचा चढत जाणारा आवाज ऐकायचे. मोबाइल घेतला, तोही टेबलावर दिसला की तो उचलायचा. तू फोन घेणं बंद केलंस ते माझ्याशी नाही, त्या हाताशी केलंस. एवढं कळायला मला काही डॉक्टरेट लागली नाही. हात अडवायला मात्र जमलं नाही. मुलगा आहे.

परवा मी लिहीत बसले होते. चिरंजीव दुपारी उठून चहा करायला आले आणि विचारलं, कुणाला लिहितेस? म्हटलं, ऑफिसचं आहे. तो म्हणाला, ऑफिसचं लिहिताना कुणी रडत नाही. मग तो दारात उभा राहिला आणि मी कागद पालथा घालून बसले. तो वाईट नाही गं. नोकरी लागते, सुटते, त्याच्या मते दर वेळी साहेबाचीच चूक असते. मी कामावरून दमून यायचं आणि त्याची समजूत काढायची, असं आमचं चाललं आहे. त्याने बटाटे सोलून ठेवले असले तर त्या दिवशी मला फार कौतुक वाटतं. चाळिशीला आलेल्या माणसाचं बटाट्यांबद्दल कौतुक. मला याचाही कंटाळा आला आहे.

इकडे चष्म्याने मसुदा पाठवला. वर तीन नावं, खाली चित्रं, चार उंचवट्यांची सुंदर लाट. मी त्याला तीनदा परत पाठवला आहे. एकदा म्हटलं, उल्का कमी मोजल्या गेल्या, पुन्हा बघ. एकदा म्हटलं, अक्षांची नावं नीट लिही. तिसऱ्यांदा काय म्हटलं ते आठवतही नाही. खरं सांगितलं तर तुझ्यावर येतं, नाही सांगितलं तर तो पोरगा सभेत तोंडघशी पडतो. माझ्या नाकी नऊ आले आहेत. सभेच्या आत मला त्याला सांगावं लागेल, हे तुला आत्ताच कळवून ठेवते. पाठीमागून काही करायची नाही मी.

आणि तारीख, कंत्राट, सभा, हे सगळं एका बाजूला ठेव. पोरगी कशी आहे?


९ ऑगस्ट

काल सकाळी मशीन उघडलं तर फाइलींचा ढीग. वादळानंतरची एकूण एक फाइल, नव्या तारखेने. शेऱ्याच्या जागी तीन शब्द: 'दिनांक दुरुस्त केला.' खाली तुझी सही.

मी सगळं पुन्हा काढून बघितलं. माझा वारा उत्तरेला, तुझा दक्षिणेला. माझा दक्षिणेला, तुझा उत्तरेला. इतकी वर्षं हवा बघते आहे, पण आलेख बघून डोळे पुसायची वेळ पहिल्यांदाच आली. एसीखालची बादली भरून वाहिली तरी मला कळलं नाही.

चष्म्याला फोन केला. पलीकडे मसुद्याची पानं उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाला, 'म्हणजे तीनच?' म्हटलं, तीनच रे बाबा. त्याने तुझ्याबद्दल एक शब्द वाकडा काढला नाही, तेही सांगते. वादळात घड्याळ हाताने लावलं की असं होतं, असं तोच म्हणाला. पोरगा वाटला होता त्यापेक्षा शहाणा आहे. तुझ्या कंत्राटाला यातून काही धक्का नाही.

तर पत्र वाचलंस. निदान एक तरी वाचलंस. आणि मी जे एकच विचारलं होतं त्याचं उत्तर दिलं नाहीस.

मला राग आला आहे. लिहूनच टाकते, कारण गोड बोलायची ताकद आता उरली नाही. तारीख दुरुस्त केलीस म्हणजे तारीख चुकली होती. तारीख चुकली होती म्हणजे माझा अंदाज खरा होता. म्हणजे ती आजारी होती, आणि आता ती कशी आहे हे मला एका वाक्यात सांगायला तुला जड गेलं. मी तिची आजी आहे. कोर्टाने तुमचं दोघांचं जे काय मोडलं त्यात आजी मोडल्याचं कुठे लिहिलेलं नव्हतं.

हे पाकिटात घालावं की फाडावं, कळत नाही. घालते.

आणखी एक. काल रात्री जेवताना मी त्याला सांगितलं. बापाला न सांगणं मला जमेना. म्हटलं, भिंगरी आजारी होती असं मला वाटतं, नक्की माहीत नाही. त्याचा घास हातातच राहिला. डोळ्यांत पाणी आलं, खरं पाणी, मी त्याची आई आहे, मला फरक कळतो. मग त्याने तोंड पुसलं आणि म्हणाला, 'लाव फोन तिला. तुझा घेईल ती. लाव आणि माझ्याकडे दे.'

मी म्हटलं, नाही.

त्याला वाटलं ऐकू आलं नाही. पुन्हा म्हणाला. मी पुन्हा नाही म्हटलं. आयुष्यात या मुलाला मी सलग दोनदा कधी नाही म्हटलेलं नव्हतं. तो बोलत राहिला, काय बोलला ते लिहीत नाही. लेकीबद्दल विचारायचं तर स्वतःच्या नंबरावरून, स्वतःच्या तोंडाने, तुझी परवानगी मागून विचार, एवढंच मी त्याला सांगितलं. माझ्या आडून आता काही नाही.


१६ ऑगस्ट

तुझा फोन ठेवून दहा मिनिटंही झाली नाहीत. जे बोलता आलं नाही ते लिहायला बसले आहे.

केंद्राचा फोन वाजला तेव्हा मला वाटलं चष्माच. मी जरा खेकसूनच 'हॅलो' म्हटलं. मग तू म्हणालीस, 'आई, मी आहे. तिथे दुसरं कुणी नाही ना?'

नव्हतं. पहिल्या दिवसापासून इथे आत माझ्याशिवाय कुणी नसतं, आणि हे माहीत असूनही तू विचारलंस, ते मला फार लागलं. लागायलाच हवं होतं.

तू सांगितलंस ते मी मनात पुन्हा पुन्हा लावून बघते आहे. अपेंडिक्स फुटलं, बाहेर वादळ, रस्त्यावर झाडं पडलेली, आणि तू तिला उचलून घेऊन. दोन रात्री बाकावर, इस्पितळातही जनरेटरचे दिवे, रात्र-दिवस सगळा एकच. ती शुद्धीवर आली, पाणी प्यायली, आणि मग तू केंद्रावर जाऊन घड्याळ लावलंस. तुझ्या हिशेबी मंगळवार होता आणि जगात बुधवार उजाडला होता. तू म्हणालीस, तुमचं तिसरं पत्र वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा रडू आलं, तोपर्यंत आलंच नव्हतं.

पत्रं तू सगळी उशिरा उघडलीस, ठीक आहे. पण पहिल्यातला भिंगरीचा मजकूर तू तिला इस्पितळातून आल्यावर वाचून दाखवलास, आणि तिने मोसंब्याला तीन ठिपके काढले, हे तू मला शेवटी, जाता जाता सांगितलंस. आधी सांगितलं असतंस तर माझं बाकीचं ऐकणं झालं नसतं, तेही खरं.

आणि तिचा आवाज. केवढा बदलला गं. 'आजी, माझ्या पोटावर टाके आहेत' हे तिने असं सांगितलं जणू बक्षीस मिळालंय. मग म्हणाली, 'आजी, तुझ्याकडे आज कोणता वार आहे?' मी म्हटलं, शनिवार. ती म्हणाली, 'आमच्याकडे तर रविवार!' मग मी तिला मोठ्या ऐटीत समजवायला लागले की तुम्ही पृथ्वीच्या पलीकडे, तुमचा दिवस आधी उजाडतो, इथे रात्र तेव्हा तिथे सकाळ. आणि मागून तुझं हसणं ऐकू आलं. किती दिवसांनी ऐकलं. तू म्हणालीस, 'तिला चुकीचं शिकवू नका, आई. आमचा दिवस तुमच्यामागून उजाडतो. तिथेही रविवारच आहे.'

मी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. रविवारच आहे.

आता तुला सांगते, मघाशी सांगितलं नाही. त्या रात्रीच्या जेवणानंतर घरात धड बोलणं राहिलं नव्हतं. परवा त्याने पुन्हा तोच विषय काढला आणि मी त्याला सप्टेंबरअखेर स्वतःची खोली बघायला सांगितलं. तो म्हणाला, 'तू मला घराबाहेर काढतेस? तिच्यासाठी?' मी म्हटलं, तिच्यासाठी नाही, माझ्यासाठी. मग पिशवीत दोन साड्या घातल्या आणि इथे आले. यंत्रांच्या खोलीतल्या खाटेवर झोपते आहे. इथे दिवा सतत चालू असतो. तेव्हा माझाही एक दिवस गेला कुठेतरी.

तो सुतासारखा सरळ झाला असं खोटं लिहिणार नाही. पण काल दुपारी केंद्राच्या फाटकापर्यंत आला होता. आत आला नाही. पहारेकऱ्याकडे डबा ठेवला आणि निरोप दिला की गोदामात काम बघितलंय, जवळच खोली मिळते आहे, पहिल्या तारखेपासून. डब्यात बटाटे होते. या वेळी मी कौतुक केलं नाही, नुसते खाल्ले. चांगले झाले होते.

तू फोन ठेवताना विचारलंस, 'पण सप्टेंबरनंतर तुम्ही केंद्रावर नसाल. मग आम्ही फोन कुठे करायचा?'

मी म्हटलं, बघू, कळवते. तू थोडी थांबलीस आणि मग बरं म्हणालीस. त्या थांबण्यात तुला काय वाटलं असेल ते मला कळलं. फोन ठेवल्यावर मी स्वतःला चार शब्द सुनावले आणि कागद ओढला. हे मला तिथल्या तिथे म्हणायला हवं होतं, पण जन्मभर माझ्या तोंडून 'बघू' हेच निघत आलं आहे.

तर ऐक. घरच्या जुन्या नंबरावर कर. तोच आहे, बदललेला नाही. तुमची सकाळ, माझी रात्र, रविवार असो की तुझ्या हिशेबाने दुसरा कुठलाही वार.

मीच उचलेन.